फणसाला लागलेलं इंजिन

आमच्या परड्यातल्या फणसाला यंदा सत्तावीस फणस लागले आणि एक इंजिन.

फणस आईनं मोजले होते. तिचं वय ८४, नजर अधू. पण फणस आणि पाहुणे मोजताना तिची चूक होत नाही. इंजिन मोजायचा प्रश्न नव्हता. ते एकच होतं, बुंध्यापासून चार हातांवर साखळीला लोंबकळत होतं आणि त्यातून काळं तेल थेंब थेंब गळत होतं. मे महिना, सुट्टीत मामाच्या गावाला आलेली पोरं कुंपणाशी जमलेली. त्यातलं एक मुंबईचं पोरगं बराच वेळ निरखून म्हणालं, "मामा, हे पिकल्यावर आपोआप पडतं का?"

मामा म्हणाला, "पडाय नको म्हणून तर एवढी माणसं जमल्यात."

इंजिन आमच्या पिकअपचं, आणि पिकअप आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. त्यांनी ती जुनीच घेतली होती. बोनेटवरचं कंपनीचं नाव गगनबावड्याच्या पावसानं केव्हाच खाल्लंय. आता तिथं दोन भोकं उरलीत आणि त्यांतून ती जगाकडं बघते. १९८६ साली टाटांची ४०७ आली, १९८८ साली पुण्याहून टाटामोबाईल आली, आणि त्यामागोमाग हळूहळू आमच्यासारख्या डोंगरकपारीतल्या गावांचं ओझं बैलांच्या मानेवरून उतरून असल्या छोट्या गाड्यांच्या हौद्यात पडलं. आमच्या हौद्यातून दुधाचे कॅन गेले, भाताची पोती गेली, उसाचं बेणं गेलं. गणपती आले, लग्नाची भांडी आली, दोन बाळंतिणी वेळेत दवाखान्यात पोचल्या. एकदा तर नवरदेव आणि त्याला आहेरात मिळालेली रेडी एकाच फेरीत घरी आले. त्या फेरीत रेडी शांत होती, असं आबा सांगत.

गेली दोन वर्षं गाडी निळा धूर सोडायला लागली होती. करूळचा घाट चढून वर आलो की आरशात मागचं काही दिसायचं नाही, आणि ते धुकं घाटाचं की आमचं, हे आम्हालाच कळायचं नाही. डिझेल जेवढं लागे तेवढं लागेच, वर इंजिन ऑईलही पिऊ लागलं. म्हातारपणी माणसाला गोड लागायला लागतं, तसं काहीतरी.

एक दिवस भंगारवाला दारात आला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली आणि किलोवर भाव सांगितला. "हाय तशी द्या मास्तर. इंजिन आम्हीच काढून घेतो."

त्याच संध्याकाळी मिस्त्री आला. त्यानं इंजिन चालू ठेवायला सांगितलं, वरचं ऑईलचं टोपण उघडलं आणि त्या तोंडावर तळहात धरून डोळे मिटले. नाडी बघणारा वैद्य असाच डोळे मिटतो. फरक एवढाच, की वैद्याच्या बोटांतून धूर येत नाही. डोळे उघडून तो म्हणाला, "बॅक मारतंय. रिंगा गेल्यात. उतरवायला लागतंय."

बत्तीस वर्षं मराठी शिकवून मी निवृत्त झालो. गाडीतलं मला कळत नाही, पण क्रियापदातलं कळतं. भंगारवाला 'काढतो' म्हणाला होता आणि मिस्त्री 'उतरवतो'. चाक काढतात, बॅटरी काढतात, दात काढतात; इंजिन मात्र उतरवतात. डोक्यावरची घागर उतरवतात. घोड्यावरचा नवरदेव उतरवतात. बाळाची दृष्ट उतरवतात. जे काढलं ते गेलं. जे उतरवलं ते पुन्हा चढवायचं असतं, निदान तशी इच्छा तरी त्या शब्दात शिल्लक असते. शिवाय मिस्त्री लोक जोडणीला 'जोडणं' म्हणत नाहीत, 'इंजिन बांधणं' म्हणतात. घर बांधतात, गाठ बांधतात, तसं इंजिन बांधतात. मी व्याकरणाच्या बाजूनं निकाल दिला. मिस्त्रीनं खर्चाचा आकडा सांगितला तेव्हा व्याकरण किती महाग पडतं ते समजलं, पण तोवर शब्द गेला होता.

गगनबावड्याला उतरणं ही गोष्ट शिकवावी लागत नाही. गाव बसलंयच उतरणीच्या तोंडावर. कोल्हापुरातून पंचावन्न किलोमीटर पश्चिमेला आलं की इथं सपाट जमीन संपते आणि रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक करूळ घाटानं वैभववाडीला, दुसरा भुईबावडा घाटानं खारेपाटणच्या अंगाला. दोन्ही खालीच. म्हणून आमचा माणूस कोल्हापुरास जातो आणि कोकणात उतरतो. गगनगडावर चढलेल्या भाविकालाही शेवटी उतरावंच लागतं.

ड्रायव्हर लोकांचा इथला पहिला धडा असा, की ज्या गिअरनं घाट चढायचा त्याच गिअरनं उतरायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारे शहाणे असतात. पण सगळा भार ब्रेकवर आला की ब्रेक तापतात आणि पायाखालचं पेडल लोण्यासारखं मऊ लागायला लागतं. गिअरमध्ये ठेवलं की चाकंच उलटी इंजिनाला फिरवतात, इंजिन आपल्या पोटातल्या हवेवर जोर काढतं आणि गाडी आपसूक आवरली जाते. आबा म्हणत, "चढाला इंजिन लागतंयच रं. उताराला जास्ती लागतंय."

स्वतः आबा असेच उतरले. पंचाहत्तरीत आधी त्यांनी घाट सोडला, मग कोल्हापूर सोडलं. पुढं बाजारापुरती गाडी नेत, मग शेतापुरती, आणि शेवटी परड्यातल्या परड्यात दहा हात मागं, दहा हात पुढं. चौथा, तिसरा, दुसरा, पहिला. एकदाही न्यूट्रल केली नाही.

उतरवायचं ठरलं, पण तयारीतच दोन दिवस गेले. ह्याला कारण पाऊस. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, इथं पाच हजारांच्या वर. चार महिने उंबऱ्याशी धुकं, कपाटातल्या कपड्यांना बुरशी, मिठाच्या बरणीत पाणी. इथं लोखंड नुसतं गंजत नाही, मुरतं. सायलेन्सरचा पाईप जिथं मनिफोल्डला मिळतो तिथले नट नट राहिलेच नव्हते, लोखंडावर उठलेली आवाळवं झाली होती. आदल्या रात्री मिस्त्रीनं जुन्या टूथब्रशानं त्यांना डिझेल लावलं आणि म्हणाला, "मुरू दे रातभर." आमच्या घरात हे वाक्य फक्त लोणच्याबाबत ऐकलं होतं.

सकाळी त्यानं हातोड्यानं प्रत्येक नटाच्या डोक्यावर हलकं टक टक केलं, रिंग पाना लावला आणि नट सोडवायच्या ऐवजी आधी आणखी आवळला.

"अहो, उलटं फिरवताय."

"ठावं हाय मास्तर. गंजलेला नट डायरेक आपल्याकडं वढला तर तुटतोय. आदी त्याच्या मनासारखं थोडं आवळायचं. कुर्र केलं की समजायचं, आईकलं त्यानं."

नट 'कुर्र' म्हणाला आणि मग सुटला. बत्तीस वर्षांत काही मुलं माझ्याकडून का सुटली नाहीत, ते मला त्या गाडीखाली उताणं पडून कळलं. मी पहिल्यापासून माझ्याच दिशेनं ओढत होतो.

मास्तरकी अशी सुटत नाही. मी दोनशेपानी वही केली होती. प्रत्येक तुटणाऱ्या नात्याला क्रमांक, प्रत्येक बोल्टाला काड्याच्या पेटीचं घर आणि पेटीवर चिठ्ठी. बोनेटचे बोल्ट, चार. रेडिएटरचे, चार. वरचा पाण्याचा पाईप, खालचा पाण्याचा पाईप. पंख्याचा पट्टा. डिझेलच्या नळ्या, तोंडाला चिंधी बांधून. ॲक्सिलरेटरची केबल. सेल्फची जाड वायर, डायनामोच्या वायरी. मीटरची केबल. आत केबिनमध्ये गिअरचा दांडा. त्याची काळी मूठ आबांच्या तळहातानं एवढी गुळगुळीत झालेली, की तिच्यावरचे एक-दोन-तीन-चार पुसले गेले होते. ती मूठ मी पेटीत घातली नाही, खिशात घातली. गाडीखाली प्रोपेलर शाफ्टचे चार बोल्ट; ते सोडण्याआधी मिस्त्रीनं दोन्ही बाजूंवर छिन्नीनं एक एक खूण मारली. "परत ह्याचं तोंड त्याच्याच तोंडाला यायला पायजे. न्हायतर गाडी जन्मभर थरथरती."

मिस्त्रीच्या हाताखालचा गडी मात्र माझी प्रत्येक पेटी कौतुकानं घ्यायचा, "मास्तर, झ्याक लिवलंय," म्हणायचा आणि बोल्ट डिझेलनं भरलेल्या एकाच पाटीत ओतायचा. दुपारपर्यंत पाटीत शंभरावर बोल्ट-नट-वायसर एकत्र नांदत होते आणि वर माझ्या चिठ्ठ्या तरंगत होत्या. अक्षर चांगलं होतं.

गिअरबॉक्स आधी खालून सोडवावा, का इंजिनाबरोबर काढावा, यावर शेजारच्या दाजींनी मत दिलं. दाजी एस्टीतून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, आधी वेगळे करा, वजन निम्मं होतं. मिस्त्री म्हणाला, "जोडीनंच उतरवूया. तीस वरसं एकामेकाला धरून हाईत. अंधारात, आडचणीत सोडवाय गेलं की भांडत्यात. बाहीर उजेडात आणू, मग बोलू त्यांच्यासंगं." मी नकळत सौभाग्यवतींकडं पाहिलं. तिनं चहाचा ट्रे माझ्याकडं न बघता दाजींपुढं धरला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. वेळेला घट्ट धरायचं आणि वेळेला थोडं घसरू द्यायचं, एवढंच त्याचं काम. घराघरांत हे काम कुणीतरी करतच असतं; आमच्याकडं चहा करतो.

मग प्रश्न आला, टांगायचं कशाला? शहरातल्या गॅरेजात त्याला क्रेन असते. इथं तीन पर्याय होते: गोठ्याची तुळई, वाश्यांचं तिकाटणं, नाहीतर झाड. गोठ्याच्या तुळईवर कुणाचा भरवसा नव्हता, तिकाटण्यावर दाजींचा नव्हता. इंजिन-गिअरबॉक्स मिळून अडीच क्विंटलाचा मामला, म्हणजे पन्नास किलोची तांदळाची पाच पोती. मिस्त्रीनं परड्यात नजर फिरवली आणि ती फणसावर थांबली.

"ह्यो धरंल."

"फणसाला इंजिन?"

"सत्तावीस फणस हाईत न्हवं? दहा-दहा किलोचं धरलं तरी जवळजवळ पावणेतीन क्विंटल झालं. झाडाला काय, एक लेकरू जास्ती."

हिशेब बिनचूक होता. बहुतेक झाडं फळं धरतात ती काडीच्या टोकाला, कानातल्या डुलासारखी. फणस बुंध्याला आणि जाड फांदीलाच लगडतो. तोलाचं काम कुणाला सांगावं, हे त्या झाडाच्या अंगावरच लिहिलेलं आहे. पण परवानगी आईची लागणार होती. ती बाहेर आली, फांदी हातातल्या काठीनं ठोकली, म्हणाली, "टांगा. पर साखळी सालीला लागली तर तुमची सालटं काढीन." मग फांदीला गोणपाटाचे चार पदर गुंडाळले, वर जुन्या टायरचा तुकडा घातला आणि मग चेन कप्पी अडकवली.

आईनं आज्ञापत्र वाचलेलं नाही. पण हे गाव एके काळी पंत अमात्य बावडेकरांच्या जहागिरीचं. त्याच घराण्यातल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं आज्ञापत्र आहे, त्यात आरमाराच्या लाकडाविषयी लिहिताना आंबा-फणसाला हात लावू नका, अशी सक्त ताकीद आहे. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ही त्यामागची भावना. जहाजांसाठीसुद्धा जे झाड बळजबरीनं घेता येत नव्हतं, ते आम्ही एका पिकअपसाठी वेठीला धरलं होतं. पण मिस्त्री आणि अमात्य यांचं एका शब्दावर एकमत होतं. दोघांनाही फणसाच्या संदर्भात लेकरूच आठवलं.

चेन कप्पी मोठी नम्र वस्तू आहे. हातभर साखळी ओढावी तेव्हा इंजिन गव्हाभर वर येतं. खटखट खटखट असा तिचा आवाज, कुणीतरी दूरवर कीर्तनात चिपळ्या वाजवल्यासारखा. फाउंडेशनचे दोन बोल्ट काढले, गिअरबॉक्सखालचा आडवा पट्टा सोडला, खाली जॅक ठेवला आणि मिस्त्रीनं साखळी हातात घेतली. मी वहीत शेवटच्या ओळीवर बरोबरची खूण केली. एकेचाळीस बंध, एकेचाळीस खुणा. सगळं सुटलं होतं.

इंजिन उजवीकडून वर आलं आणि डावीकडून येईना.

मिस्त्रीनं साखळी थांबवली. "कुटंतरी जीव आडकलाय."

आम्ही वही पाहिली, वरून पाहिलं, खालून पाहिलं. दाजींनी 'मी म्हणलंच होतं'पासून सुरुवात केली. गडी पहार आणायला निघाला. मिस्त्रीनं त्याला नुसत्या नजरेनं बसवलं. बॅटरी घेऊन तो स्वतः गाडीखाली शिरला आणि बऱ्याच वेळानं आतून हसण्याचा आवाज आला. इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात तांब्याच्या तारांची विणलेली बोटभर रुंदीची पट्टी, एक टोक इंजिनाला, एक टोक चॅसीला. अर्थिंगची. तीस वर्षांच्या चिकट मळात ती मळासारखीच झाली होती. बॅटरीतून निघालेला सगळा करंट काम करून जिच्यावरून माघारी यायचा, ती. ती ना तापते, ना वाजते, ना गळते. म्हणून माझ्या यादीत नव्हती.

आबा गेले तेव्हा मी बँक, सातबारा, विमा, रेशनकार्ड अशी यादी करून त्यांचं नाव एकेका ठिकाणाहून सोडवलं होतं. सगळं झालं असं वाटलं, आणि महिन्याभरानं सकाळी सहाला मी दोन कप चहा मांडलेला आईनं पाहिला. ती सवयही अशीच पट्टी असावी. मी वहीत बेचाळिसावी ओळ लिहिली.

पट्टी सुटली आणि इंजिनानं नाक वर केलं. शेपूट, म्हणजे गिअरबॉक्स, खाली. अशा तिरक्या अवस्थेत ते रेडिएटरच्या चौकटीवरून बाहेर यायचं होतं. अरुंद दारातून कपाट बाहेर काढताना घरातल्या प्रत्येकाला जसं भूमितीचं ज्ञान होतं, तसं सगळ्यांना झालं. "डावीकडं!" "तुमच्या डावीकडं का माझ्या?" मिस्त्री ओरडला, "इंजिनाला कुणी हात लावू नका. गाडी मागं सारा!"

हे मला सुचलं नसतं. झाड जागचं हलणार नव्हतं, इंजिन झाडाला होतं, तेव्हा हलायचं ते गाडीनंच. आम्ही पाच जणांनी पिकअप मागं ढकलली. एस्टी स्टँडावर शेजारची गाडी सुटली की आपलीच सुटल्यासारखं वाटतं, तसं क्षणभर झालं. इंजिन हवेत जागच्या जागी आणि गाडी त्याच्याखालून पाय न वाजवता निघून चाललेली.

गाडी थांबली आणि मग मी पाहिलं. तिचं नाक चार बोटं वर आलं होतं. पुढच्या पाट्यांवरचं अडीच क्विंटल उतरलं होतं, एवढंच त्याचं कारण. पण तीस वर्षं ही गाडी किंचित खाली मान घालून उभी असायची, आणि आम्ही तिचा चेहराच तसा समजत होतो. मी काही बोललो नाही. मिस्त्री पान्यावरचं ग्रीस पुसत म्हणाला, "हलकं वाटत आसंल तिला."

तेवढ्यात वळीव आला. मे महिन्यातला बावड्याचा वळीव विचारून येत नाही. गडाच्या बाजूनं काळोख आला, वारा सुटला, दोन फणस धपाधप पडले आणि आम्ही सगळे पडवीत पळालो. इंजिन झाडाला लोंबकळत, तोंड उघडं, त्यात पाणी गेलं तर संपलंच. कुणाला काही सुचायच्या आत आई आबांचं घोंगडं घेऊन पावसात गेली, काठीनं ते इंजिनावर टाकलं, एका बाजूनं खोचलं आणि परत येऊन आम्हा सहा पुरुषांकडं बघत म्हणाली, "लेकरू टांगून पळालासा व्हय रं?"

पाऊस उघडल्यावर तिनं मीठ-मोहऱ्या घेतल्या. एवढ्या लोकांनी बघितलं, तेव्हा इंजिनाची दृष्ट उतरवणं आलंच. तीन वेळा ओवाळून तिनं मूठ चुलीत टाकली. मोहऱ्या ताडताड उडाल्या. "बघ, केवढी लागलीती," ती म्हणाली. तिनंही 'उतरवली'च.

दुसऱ्या दिवशी इंजिन दुसऱ्याच्या गाडीत घालून कोल्हापूरला उद्यमनगरात नेलं. आजवर ज्यानं ओढलं, ते पहिल्यांदाच बसून चाललं होतं. उद्यमनगरात लेथची घरघर आणि तापल्या लोखंडाचा वास ह्यांच्यात उभं राहिलं की कोल्हापूर तालमींचं गाव आहे हे विसरायला होत नाही. फक्त इथं मातीऐवजी लोखंडाशी झटतात. ह्याच शहरात बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमारास चित्रपटाचा देशी कॅमेरा घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला. यंत्र उघडून बघितल्याशिवाय ज्याला झोप येत नाही, असा माणूस ह्या मातीत जुनाच आहे.

कारागिरानं सिलिंडरच्या पोटात घड्याळासारखं मीटर सोडलं. काटा खाली शांत होता. वर सरकला तसा हलायला लागला. "झीज वरच्या टोकाला हाय," तो म्हणाला. "कायम तिथंच आसती." मी कारण विचारलं. पिस्टन खालून वर येतो, वरच्या टोकाला क्षणभर थांबतो आणि उलटा वळतो. डिझेलमध्ये ठिणगीचा प्लग नसतोच; दाबलेली हवा तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल पेटतं. म्हणजे जिथं थांबायचं तिथंच आग, तिथंच दाब, आणि थांबल्यामुळं मधला तेलाचा पदरही तिथं पातळ. धावताना एवढं झिजत नाही, वळताना झिजतं.

मला आमचं गावच आठवलं. चढ संपतो आणि उतार सुरू होतो त्या टोकावरचं. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्षही आठवलं, पण ते कारागिराला सांगण्यासारखं नव्हतं. त्याऐवजी मी त्याला रुडॉल्फ डिझेलची गोष्ट सांगितली. १९००च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचं एक इंजिन शेंगतेलावर चालवून दाखवलं होतं. कारागिरानं काटा सोडून माझ्याकडं बघितलं. "शेंगतेल? आमच्यात भज्यास्नी पुरंना मास्तर."

पंधरा दिवसांनी बोअर होऊन, नव्या रिंगा घालून, इंजिन बांधून परत आलं. चढवायचा दिवस ठरला. मिरगाला अजून दोन आठवडे होते. मिस्त्रीनं गाडीवरचं प्लास्टिक काढलं आणि तसाच उभा राहिला.

इंजिनाच्या जागी कोंबडी बसली होती.

आमची तांबडी. आठवडाभर कुठं खुडूक होऊन दडलीय म्हणून आई तिला शोधत होती. तिनं बॅटरीच्या रिकाम्या जागेत पेंढा, चिंध्या आणि माझ्या दोन चिठ्ठ्या जमवून घरटं केलं होतं. पोटाखाली अकरा अंडी. मिस्त्रीनं हात पुढं केला, तिनं पिसं फुगवून त्याच्या नखाचा समाचार घेतला.

"उचला तिला," मी म्हणालो.

"उचलायची न्हाई," आई पडवीतून म्हणाली. "अंडी थंड पडत्यात. एकवीस दिवस भरू द्या."

"किती झाले?"

"नऊ."

मिस्त्रीनं बोटं मोजली. बाराव्या दिवशी मिरगाच्या तोंडाला लागत होतं. त्याला दुसरी कामं होती, मला गाडीची गरज होती, दाजींना मत होतं. पण इंजिनाचं काम ज्या जागेत करायचं ती जागा त्या घटकेला चालू होती. अंगाच्या उबेवर, ना ठिणगी, ना आवाज. तेव्हा नवं कोरं बोअर केलेलं इंजिन फणसाखाली दोन जुन्या टायरांवर, आबांचं घोंगडं पांघरून, कोंबडीची वाट बघत बारा दिवस बसलं. पोरं सुट्टी संपवून गेली. फणस उतरवून झाले. जाणारा-येणारा विचारायचा, "कधी चढवताय?" आणि आई उत्तर द्यायची, "तिला विचारा."

अकरापैकी नऊ पिल्लं निघाली. आईनं ती एक एक करून डालग्यात घातली, कोंबडीला वर बसवलं आणि सगळा संसार बोनेटखालून उतरवला. मगच साखळी पुन्हा फांदीला चढली. जाताना जेवढा गोंधळ झाला त्याच्या निम्म्यानं इंजिन आत बसलं. पाटीतल्या शंभर बोल्टांतून मिस्त्रीचा हात न बघता हवा तो बोल्ट उचलत होता. मी मात्र अर्थिंगची पट्टी सगळ्यात आधी लावायला लावली. शेवटी एक बोल्ट उरला, आणि माझी एकच चिठ्ठी डिझेलातून जिवंत वाचली होती. ती अर्थात त्याचीच निघाली. तिच्यावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'हा कुठला ते मिस्त्रींना विचारणे.'

मिस्त्रीनं तो वरखाली करून बघितला. "ह्यो आपला न्हाईच," म्हणाला आणि खिशात टाकला.

गाडीनं परत चार बोटं मान खाली घातली. मी खिशातली मूठ काढून गिअरच्या दांड्यावर बसवली. आई शेजारी बसली. तिला वैभववाडीला बहिणीकडं सहा फणस पोचवायचे होते. पाऊस नुकताच लागला होता. करूळ घाटाच्या तोंडाशी मी दुसरा गिअर टाकला, दोन्ही पाय काढून घेतले आणि गाडी आपल्या पोटातल्या हवेवर भार देत उतरायला लागली. पहिल्या वळणानंतर सवयीनं आरशात पाहिलं. मागं धुकं होतं. ह्या खेपेला आमचं नव्हतं.